धुण्याचं इंजिन

पहिल्याच दिवशी मी त्या मशीननं गोठ्यातलं शेण काढायच्या ऐवजी घराच्या भिंतीचा रंग काढला.

मशीनबरोबर पाच रंगांची पाच नोझलं आली होती. त्यातलं लाल मला दिसायला सगळ्यात छान वाटलं, म्हणून तेच लावलं. गोठ्याकडं तोंड करून बंदूक धरली, घोडा दाबला आणि बंदुकीनं खांद्याला असा हिसका दिला की मी मागच्या मागं धडपडले. पाण्याची धार गोठ्यावरनं सरकली ती थेट घराच्या भिंतीवर. निळ्या डिस्टेंपरमधनं पांढरा चुना दिसायला लागला, कोयत्यानं ऊस तासावा तसा सरळ पट्टा. घाबरून बंदूक खाली केली तर माझ्याच रबरी चपलेचा काठ कापला गेला. पाय वाचला हे नशीब.

माझ्या सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांना आत्ती म्हणते. त्यांनी भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. मग म्हणाल्या, "रंग आवडत न्हवता तर तसं सांगायचं. त्यासाठी इंजिन कशाला आणायचं?"

मला हसू आवरेना. चप्पल फाटली होती, भिंत खराब झाली होती आणि मी हसत होते. असं अंगभर हसू मला फार दिवसांनी आलं होतं.

मशीन माझ्या धाकट्या भावाचं. तो कोल्हापुरात, राजारामपुरीत राहतो. फ्लॅटवाल्यांच्या दारात जाऊन त्यांच्या गाड्या धुवायच्या असा धंदा त्यानं काढला होता. वीज कुणाची मागायला नको म्हणून पेट्रोलवर चालणारं मशीन घेतलं. गाड्या निघायच्या चकाचक, पण इंजिन सुरू झालं की पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यातले पेशंट आणि तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासचे सर असे सगळेच भांडायला खाली उतरायचे. शेवटी त्यानं दुसरी नोकरी धरली आणि एका रविवारी टेंपोत घालून ते मशीन आमच्याकडं कुरुंदवाडला आणलं.

"अक्का, तुझ्या गोठ्याला घे. म्हशी काय तक्रार करायला येत न्हाईत."

म्हशी येत नाहीत हे खरं, पण दावी मात्र तोडतात. मशीन लावायचं तर त्यांना आधी लांब चिंचेखाली नेऊन बांधायला लागतं, हे त्याला काय माहीत?

त्या पहिल्या दिवशी, भिंतीचा प्रकार व्हायच्या आधी, मशीन सुरूच होत नव्हतं. आमचे हे साखर कारखान्यात काट्यावर आहेत. दिवसभर उसाच्या ट्रॉल्यांचं वजन करतात, त्यामुळं आपल्याला यंत्रातलं कळतं असा त्यांचा समज. त्यांनी दोरी ओढली. दोरी अर्ध्यात येऊन अडकली. पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. समोरच्या घरातले चाचा बाहेर आले. चाचा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आता घरीच असतात.

"चोक दिला का?"

"दिला की."

"पेट्रोलचा कॉक उघडला का?"

"उघडलाय चाचा."

"मग जोर कमी पडतोय."

हे ऐकून ह्यांनी असा जोर लावला की दोरीची मूठ हातातनं सुटून गेली आणि हे ओट्यावर बसले. तोवर मी मशीनबरोबर आलेलं पुस्तक बघत होते. त्यात एक चित्र होतं. एक हात दोरीवर आणि दुसऱ्या हातानं बंदुकीचा घोडा दाबलेला. पाण्याची नळी जोडली, पाणी सोडलं की ते पंपात कोंडतं. आता दोरी ओढायची म्हणजे त्या कोंडलेल्या पाण्याशी कुस्ती खेळायची. घोडा दाबून आधी त्याला वाट करून दिली की दोरी हलकी होते.

"अहो, मी बघू का जरा?"

"बघ. तुझ्या भावाचंच हाय."

मी घोडा दाबला. नुसतं नळाचं पाणी आलं, आधी फुरफुरत, मग सरळ. तसाच दाबून धरला आणि दोरी ओढली. एकदा. दुसऱ्यांदा ओढल्यावर इंजिन धडधडायला लागलं.

त्या आवाजानं मला काय झालं ते सांगायला पाहिजे. माझं माहेर राधानगरीकडचं. वडिलांची भाताची गिरण होती, डिझेल इंजिनवर चालणारी. पावसाळ्यात तिकडं आठ-आठ दिवस वीज नसायची, तरी आमचं इंजिन चालायचं. हँडल कसं मारायचं, मारल्यावर हात पटकन कसा काढायचा, तेल काळं पडलं की काय करायचं हे सगळं मी वडिलांच्या मागं मागं फिरून शिकले होते. लग्न होऊन इकडं आले आणि इंजिन सुटलं. इथं विहिरीवर विजेची मोटर, आणि तिचं बटण दाबायला घरातले पुरुष. मी कधी मागितलं नाही आणि कुणी कधी दिलंही नाही. इतक्या वर्षांनी माझ्या हातानं एक इंजिन सुरू झालं होतं. वडिलांचं इंजिन सावकाश बोलायचं आणि हे भडाभडा बोलत होतं, पण भाषा तीच होती.

त्या उन्हाळ्यात मी धुवायचं काही ठेवलं नाही. लाल नोझल लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बंद केलं. गोठ्याला हिरवं, ट्रॅक्टरच्या चाकांना पिवळं, भिंतीला आणि गाडीला पांढरं, साबणाला काळं असं ठरून गेलं. गोठ्यातली फरशी मुळात लाल आहे हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. पाण्याची टाकी, उंबऱ्याची पायरी, दुधाच्या किटल्या ठेवायचा कट्टा, सगळं. धार फिरली की काळ्या दगडावर उजळ वाट उमटायची, आणि त्या वाटेला लागून दुसरी वाट काढायची, मग तिसरी. हात थांबायलाच तयार नसायचा.

"भाकरी थापायची राहिली," आत्ती ओरडायच्या.

"एवढा कोपरा, आत्ती."

"तुझा कोपरा काय सपत न्हाय."

त्यांनीच त्याला धुण्याचं इंजिन असं नाव ठेवलं. गल्लीतही तेच नाव झालं.

धुण्याइतकंच मला ते इंजिन सांभाळायला आवडायचं. पहिलं तेल बदललं तेव्हा त्यात चांदीच्या बारीक चुऱ्यासारखी चमक दिसली. नवं इंजिन अंगातला कचरा टाकतं ते हे. वडिलांच्या हाताला लागलेलं असं तेल मी लहानपणी बघितलं होतं. पाणी आत येतं तिथं एक बारीक जाळी असते, ती दर वेळी काढून जुन्या दातांच्या ब्रशनं धुवायची. इंजिन बंद केलं की घोडा पुन्हा एकदा दाबायचा, म्हणजे नळीत राहिलेला दाब निघून जातो. पाणी नसताना चालवायचं नाही. गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही. हे सगळं करताना मी गुणगुणते असं आमचे हे म्हणतात. मला तर ते कळतही नाही.

मग पावसाळा आला, आणि त्या वर्षी पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही एकदम चढल्या.

आमच्या गावाला पाण्याची सवय आहे. पाणी कुठल्या पायरीला आलं की म्हशी हलवायच्या, कुठल्या पायरीला आलं की माणसं, हे ठरलेलं असतं. म्हशी आम्ही वेळेत माळावरच्या पाहुण्यांकडं नेल्या. धान्य माडीवर चढवलं. मी धुण्याच्या इंजिनाला हात घातल्यावर ह्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, टीव्ही तरी घेऊ या की आधी!"

"टीव्ही बघून घर धुता येत न्हाय."

चाचांनी एका बाजूनं धरलं, ह्यांनी दुसऱ्या, आणि ते माडीवर गेलं. शेवटी टीव्ही खालीच राहिला.

आम्हीही माळावर गेलो, आणि परत आलो तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि घरात पायाच्या घोट्याच्या वर गाळ होता. ज्यानं तो बघितला नाही त्याला तो सांगता येत नाही. मऊ, काळा, चिकट, आणि वास असा की पदर नाकावरनं काढवत नाही. माझ्या कपाटाची दारं फुगून उघडत नव्हती. आत्तींच्या लग्नातला पाट फुटला होता. टीव्ही पालथा पडला होता. आत्ती उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि आत यायला तयारच होईनात. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसत्या उभ्या होत्या.

वीज नव्हती. ती कधी येणार कुणाला माहीत नव्हतं. गल्लीत सगळीकडं खराट्याचा आणि फावड्याचा आवाज. गाळ वाळायला लागला होता, आणि एकदा वाळला की तो दगडासारखा धरतो.

आम्ही इंजिन खाली आणलं. भुरभुर पाऊस होता म्हणून हे म्हणाले, "सोप्यात ठेवू या, भिजंल."

"आत न्हाय," मी म्हटलं. "धूर कोंडतो. मेलेलं कळायचं बी न्हाय."

वडिलांनी गिरणीत धुराचा पाइप भिंतीतनं बाहेर काढला होता आणि पावसापाण्यातही गिरणीचं दार बंद करू द्यायचे नाहीत. तेवढ्यावरनं मला हे पक्कं माहीत होतं. चाचांनी आपल्या दारावरचा पत्रा आणला, इंजिन रस्त्यावर त्या पत्र्याखाली ठेवलं आणि लांब नळी घरात घेतली. टँकरचं पाणी मोठ्या पिंपात भरलं, पिंप ओट्यावर चढवलं, नळीच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं. घोडा दाबून हवा काढली. दोरी ओढली.

सोप्यातला गाळ पुढं पुढं सरकायला लागला. मी आत, हे खराट्यानं तो दाराबाहेर ढकलतायत, चाचा बाहेर गटाराची वाट मोकळी करतायत. भिंतीवर धार मारली की तपकिरी पाणी खाली ओघळायचं आणि मागनं आमचा निळा रंग. देवळीत धार मारली तर तिथनं एक जिवंत बेडूक उडी मारून ह्यांच्या खांद्यावर. हे ओरडले, मी ओरडले, चाचा बाहेरनं "काय झालं, काय झालं" म्हणत आत आले आणि घसरून गाळात बसले. तिघंही हसायला लागलो. दारात उभ्या असलेल्या आत्तींना वाटलं असेल की तिघांनाही येड लागलं.

घरातलं निम्मं गेलं होतं, शेतातला ऊस कुजत होता, आणि मला आनंद होत होता. ह्याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. पण त्या वेळी विचाराला जागा नव्हती. धार पुढं जात होती आणि मागनं माझं घर परत येत होतं, फरशी फरशीनं. असं काही हातात असल्यावर माणूस रडेल कसा?

आमचं झालं, मग चाचांचं. चाची आधी "राहू दे गं, तू दमलीस" म्हणत होत्या, पण मी नळी ओढून आत गेलेच. मग शेजारच्या शिंपीणबाईंचं, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान. गल्ली पेट्रोल आणत होती, पाणी भरत होती, चहा देत होती. कुणी न सांगता कामाची रांग लागली. मी फक्त धार धरायची आणि मध्येच थांबून जाळी धुवायची.

आमच्या गल्लीचा गणपती मशिदीत बसतो. दुसऱ्या गावच्या माणसांना ह्याचं नवल वाटतं, आम्हाला नाही. गणपतीला थोडेच दिवस राहिले होते आणि मशिदीच्या पटांगणात गुडघ्याला लागेल एवढा गाळ. फावड्यानं वरचा काढला तरी खालचा थर फरशीला धरून बसला होता. चाचा सकाळीच दारात आले.

"सूनबाई, इंजिन घेऊन येतीस का?"

हातगाडीवर घालून इंजिन नेलं. बघायला सगळी गल्ली जमली. तरुण मंडळाचे लोक, मशिदीतले बुजुर्ग, बायका कडेला. मी पदर खोचला, घोडा दाबला, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू. पटांगणाचा एक कोपरा उजळला, लोक "व्वा" म्हणाले, आणि इंजिन घुर्र करून बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं. थोडं चाललं, बंद. पेट्रोल संपलं म्हणून कुणी तरी झाकण उघडलं, तर टाकी निम्मी भरलेली. झाकण लावलं, ओढलं, सुरू. पुन्हा थोड्या वेळानं हुंदके दिल्यासारखं करून बंद.

आता सल्ल्यांचा पूर आला.

"प्लग काळा झाला असंल."

"कार्बोरेटरात पाणी गेलंय, वहिनी."

"दमलंय त्ये. दोन दिवस झालं राबतंय, माणूस असता तर मेला असता."

मी प्लग काढून बघितला. बदामी, कोरडा, बरा होता. जाळी स्वच्छ होती. तेल बरोबर रेघेवर होतं. घाम डोळ्यांत जात होता, पण मला उत्तर जवळ आल्यासारखं वाटत होतं. चालतं, मग गुदमरतं. झाकण उघडलं की पुन्हा चालतं. झाकण उघडलं की!

मी झाकण हातात घेतलं. त्याला वरनं एक बारीक छिद्र असतं, टाकीत हवा जाण्यासाठी. पेट्रोल खाली उतरतं तशी वरनं हवा आत आली पाहिजे. हवा आली नाही तर पेट्रोल उतरत नाही आणि इंजिनाचा जीव कोंडतो. दोन दिवस उडालेला गाळ त्या छिद्रात बसून वाळला होता. बाहेरनं बघितलं तर छिद्र होतं हेही कळलं नसतं.

बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली. छिद्र टोकरलं. आतनं सुईच्या टोकाएवढा गाळाचा खडा निघाला. फुंकर मारली, पदरानं पुसलं, झाकण लावलं.

घोडा. दोरी. इंजिन सुरू झालं.

सगळे नुसते ऐकत होते, आता थांबतं की मग थांबतं. मी धार फरशीवर धरली आणि एक पट्टा काढला, दुसरा काढला. इंजिन चाललंच होतं. मधला चौक निघाला, हौदाचा काठ निघाला, त्या काठावरचं हिरवं आणि पांढरं नक्षीकाम निघालं. तेव्हा चाचांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "चाललं की रं!" आणि टाळ्या, शिट्ट्या. मला वाटतं आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या असतील तर त्या दिवशी.

पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. माझ्या खांद्यातली ताकद गेली होती. तेवढ्यात मागनं कुणी तरी माझ्या दंडाला धरलं. आत्ती. घर बुडाल्यापासून त्या बोलतच नव्हत्या. सांगितलं की जेवायच्या, सांगितलं की झोपायच्या.

"आण हिकडं," त्या म्हणाल्या.

"आत्ती, हिसका लय बसतो."

"रेडं आवरल्यात मी. आण."

मी पांढरं नोझल लावलं, कारण त्याची धार पसरट आणि सौम्य असते. इंजिनाचा वेग कमी केला आणि मागनं त्यांच्या कंबरेला धरून उभी राहिले. त्यांनी घोडा दाबला. पाणी पायरीवर आपटलं, त्या एकदा डगमगल्या आणि मग पाय रोवून उभ्या राहिल्या. पहिली पायरी निघाली, दुसरी निघाली. तिसऱ्या पायरीला मी हात पुढं केला.

"द्या आता, आत्ती."

"सोड मला. धरून काय बसलीस!"

मी सोडलं. त्यांचं नऊवारी भिजून चिंब झालं होतं, चेहऱ्यावर गाळाचे शिंतोडे होते, आणि त्या पायऱ्यांना शिव्या घालत होत्या. पुराला, नदीला, फुटलेल्या पाटाला, सगळ्यांना एकदमच. आवाज इंजिनात बुडत होता, पण ओठ दिसत होते. चाची माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. आत्तींनी शेवटची पायरी धुतली, मग पुढचा रस्ताही धुवायला लागल्या. पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबलं तेव्हाच त्या थांबल्या, आणि जमलेल्या माणसांकडं वळून म्हणाल्या, "बघत काय हुबं राहिलाय? पेट्रोल आणा की!"

गणपती ठरल्या दिवशी आला. ताशा वाजला, चाचांनी कधीची ठेवून दिलेली क्लॅरिनेट बाहेर काढली. मूर्ती ठेवताना फरशी अजून दमट होती म्हणून खाली गोणपाट टाकलं होतं.

आरती झाल्यावर पलीकडच्या गल्लीतली एक बाई मला शोधत आली. प्राथमिक शाळेत मुलांना दुपारचं जेवण रांधणारी. शाळेचे वर्ग अजून तसेच होते, गाळ पार वाळला होता, आणि खराट्यानं काही होत नव्हतं.

"ताई, तुमचं त्ये इंजिन मिळंल काय? आमी पानी आणतो, समदं करतो."

"उद्या सकाळी येते," मी म्हटलं.

सकाळी ह्यांनी टेंपो बोलावला. मी तेल बघितलं, जाळी धुतली, झाकणाचं छिद्र उजेडाकडं धरून तपासलं, पेट्रोल भरलं. आम्ही दोघांनी मिळून इंजिन मागं चढवलं आणि दोरीनं बांधलं. मी मागं इंजिनाशेजारी बसायला चढले, तर पुढं ड्रायव्हरच्या बाजूला आत्ती आधीच बसल्या होत्या. पदर डोक्यावरनं घट्ट बांधलेला, मांडीवर भाकरीचं गाठोडं.

"आत्ती, तुम्ही कुठं?"

"शाळंत," त्या म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला, "चल रं बाबा, हूं दे."